दुर्बिणीपासून बाजेपर्यंत : टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आकाशवाट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या पट्ट्यात पाऊस नक्षत्रांच्या नावानिशी ओळखला जातो. जूनच्या ७ तारखेच्या सुमारास मिरीग निघतो, मग आडदरा येतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. पुढे आसळका, मघा, पूर्वा, उत्तरा आणि शेवटी गडगडाट करत येणारा हत्ती. भाताची लावण, नाचणीची रोपं, जनावरांचा चारा, सगळं या नावांवर बेतलेलं असतं. पंचांग न वाचणाऱ्या माणसालाही ही यादी पाठ असते. तरीही ‘खगोलशास्त्र’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुठल्या तरी शहरातली वेधशाळा येते. घरातली ही यादी तिथं मोजली जात नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वाटचाल सांगायची ती या कारणासाठी. मुंबईच्या कुलाब्यातल्या या संस्थेनं आकाश पाहण्याची अनेक साधनं घडवली. बलून सोडले, डोंगरउतारावर दुर्बीण बसवली, जुन्नर परिसरात तीस अजस्र तबकड्या उभ्या केल्या, उपग्रहांवर उपकरणं पाठवली. आणि साठहून अधिक वर्षांनी तिचा एक खगोलशास्त्रज्ञ विदर्भातल्या गोंड वस्तीवर जाऊन विचारू लागला, ‘तुम्हाला वर काय दिसतं?’ हा प्रश्न विचारायला इतकी वर्षं का लागली आणि उत्तरातून काय हाती आलं, ते पाहण्याजोगं आहे.

पाया

१२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकीत उत्तम काम करणारी संस्था भारतात उभी करावी, म्हणजे अणुऊर्जेसाठी उद्या तज्ज्ञ लागतील तेव्हा ते बाहेरून आणावे लागणार नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. १ जून १९४५ रोजी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत काम सुरू झालं आणि त्याच वर्षाअखेरीस ते मुंबईत, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आलं. पुढे गेटवेजवळचा जुना यॉट क्लब आणि १९६२ पासून कुलाब्याच्या टोकावरची आजची इमारत.

भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक होते. त्यामुळे संस्थेचं पहिलं आकाश होतं ते दिसणाऱ्या ताऱ्यांचं नव्हे, अंतराळातून येऊन पृथ्वीवर आदळणाऱ्या अदृश्य कणांचं. दक्षिण भारत भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथं कमी ऊर्जेचे कण परतवून लावतं आणि खूप ऊर्जेचे तेवढे आत येतात. परदेशी प्रयोगशाळांना हेवा वाटावा अशी ही नैसर्गिक चाळणी आपल्याला फुकट मिळाली होती. १९५० च्या दशकात बर्नार्ड पीटर्स यांच्यासारखे शास्त्रज्ञ इथं आले आणि छायाचित्रणाच्या जाड थरांच्या पट्ट्या बलूनला बांधून वर पाठवल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीच्या खोल पोटात, आकाशातून येणाऱ्या कणांचा माग काढला जात होता. १९६५ मध्ये वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल तिथंच लागली. आकाश समजून घ्यायला खाणीत उतरावं लागतं, हे संस्थेला लवकर उमगलं होतं.

पायी फिरणारा गणिती

याच संस्थेत सुरुवातीच्या काळात दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. गोव्यात जन्मलेला हा माणूस पुण्याला राहायचा, डेक्कन क्वीननं मुंबईला यायचा आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या माळांवर पायी हिंडायचा. हातातल्या काठीनं दगड उलटेपालटे करत तो अश्मयुगीन हत्यारांचे बारीक तुकडे गोळा करी आणि मेंढपाळांना विचारी, ‘तुम्ही कुठल्या वाटेनं जाता? वाटेत कुठला देव लागतो?’ धनगरांच्या हंगामी वाटा, त्यांच्या देवतांची ठाणी आणि इतिहासपूर्व माणसाच्या खुणा यांचा माग त्यांनी एकत्र काढला. १९५६ चा त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ आणि १९६२ चा ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या भटकंतीवर उभे आहेत.

१९६२ मध्येच कोसंबी संस्थेतून बाहेर पडले. त्यांचं हे काम संस्थेचं म्हणून कधी मानलं गेलं नाही. गणितज्ञाचा छंद एवढीच त्याची तेव्हा ओळख. पण चालत जाऊन विचारायची, लोकांच्या आठवणीला पुरावा मानायची आणि मग तो पुरावा कसून तपासायची ही पद्धत त्या आवारात एकदा येऊन गेली होती. पुढे अर्ध्या शतकानं ती पुन्हा आली, तेव्हा विषय माळावरच्या दगडांचा नव्हता, आकाशाचा होता.

तारा, तबकड्या आणि कोल्हापूरचा एक मुलगा

१९६३ मध्ये रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप परदेशातून संस्थेत आले. ऑस्ट्रेलियानं भेट दिलेल्या, प्रत्येकी सुमारे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या कल्याणला मांडून १९६५ मध्ये त्यांनी सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. मग उटीचा प्रकल्प आला. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दंडगोल दुर्बीण बसवायला त्यांनी असा डोंगरउतार शोधला, ज्याचा कल त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंशांचा असेल. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाशी समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती ती फिरवून आकाशातल्या स्रोताचा कित्येक तास पाठलाग करणं शक्य झालं. १९७० मध्ये ती सुरू झाली. चंद्र एखाद्या रेडिओस्रोताला झाकतो त्या क्षणांची मोजणी करून स्रोताचा आकार काढायचा, हे तिचं पहिलं मोठं काम.

त्यानंतर नारायणगावजवळचं खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर पसरल्या. पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरल्यामुळे त्या हलक्या झाल्या, वाऱ्याला आडव्या आल्या नाहीत आणि परवडल्याही. द्राक्षांच्या बागांतून डोकं वर काढणाऱ्या या तबकड्या २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाल्या. जगभरचे शास्त्रज्ञ आज त्यांच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात.

याच काळात जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून इथं आले. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. १९८९ पर्यंत ते या संस्थेत होते, मग पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेची उभारणी त्यांनी केली. विश्वाच्या उत्पत्तीवर काम करणारा हा माणूस मराठीत विज्ञानकथा लिहीत राहिला, फलज्योतिषाला आकडेवारीच्या कसोटीवर घासत राहिला. त्यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या गावागावांत आकाशाविषयी बोलणं वाढलं. पण त्या बोलण्याची दिशा एकच होती. शास्त्रज्ञ सांगणार, गाव ऐकणार. गावाकडे स्वतःचं काही आकाश असेल आणि ते शास्त्रज्ञानं ऐकावं, असा विचार तेव्हा फारसा कुणाच्या मनात नव्हता.

महाराष्ट्रात त्याला जुनं कारणही आहे. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ चा, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चा. दोन्ही मोठी कामं, पण दोन्हींचा आधार ग्रंथ : वेद, ब्राह्मणं, सिद्धान्त. ज्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, त्यांच्याकडे आकाशज्ञानही नसणार, असं कुणी म्हटलं नाही, पण गृहीत मात्र धरलं गेलं.

वळण

संस्थेतले तेव्हाचे खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया यांची उमेदीची वर्षं उपग्रहांवरच्या उच्च-ऊर्जा दुर्बिणी बनवण्यात गेली. त्या दुर्बिणी भारतीय, रशियन आणि अमेरिकी यानांवर गेल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात जमशेटजी टाटा ट्रस्टच्या मदतीनं त्यांनी भारतीय संदर्भातल्या पुरा-खगोलशास्त्राचा प्रकल्प हाती घेतला. सुरुवात दगडांपासून झाली. श्रीकुमार मेनन यांच्याबरोबर त्यांनी कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागातल्या निलसकल, बैसे इथल्या उभ्या शिळांच्या रांगा मोजल्या. त्यांतल्या काही जोड्या अयनदिनांच्या सूर्योदय-सूर्यास्ताकडे रोखलेल्या आढळल्या. काश्मीरमधल्या बुर्झाहोमच्या शिळाचित्रात शिकाऱ्यांच्या डोक्यावर दोन तेजस्वी गोल आहेत. त्यातला एक फुटलेला तारा असावा, असा तर्क वाहिया, अनिकेत सुळे आणि हृषीकेश जोगळेकर यांनी मांडला. तो सर्वांनी मान्य केला असं नाही. मेलेल्यांच्या दगडांना उलटा प्रश्न विचारता येत नाही, ही त्या कामाची मर्यादाच होती.

म्हणून पुढची पायरी जिवंत माणसांची. अमरावतीचे गणेश हलकारे सोबतीला आले आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश व तेव्हाचा आंध्र प्रदेश यांतल्या सुमारे १५ गोंड गावांत दोघांनी पाहणी केली. हा अभ्यास २०१३ मध्ये खगोलशास्त्राच्या इतिहासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. नंतर बंजारा आणि कोलाम यांच्यावरचा २०१४ मध्ये, कोरकूंवरचा २०१६ मध्ये.

गोंडांचं आकाश

सप्तर्षींच्या चार ताऱ्यांचा चौकोन म्हणजे एका म्हातारीची बाज. मागचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले तीन चोर. एक गोंड, एक कोलाम, एक परधान. ऋषी नाहीत, अरुंधती नाही. आहेत ते रोजच्या ओळखीचे, एकमेकांच्या शेजारी राहणारे तीन समाज, आणि चोरीत तिघांनाही सारखा वाटा. आपल्याच माणसाला आभाळात चोर म्हणून टांगणारा समाज स्वतःकडे किती मोकळेपणानं पाहत असेल!

मृगाचं पाहा. संस्कृत परंपरेत तिथं हरीण आहे, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आहे आणि मागे व्याध उभा आहे. गोंडांना त्याच तीन ताऱ्यांपाशी नांगर दिसतो. आकाशगंगा म्हणजे गुराढोरांची वाट. चंद्राभोवती पडणाऱ्या खळ्याच्या आकारावरून पाऊस किती लांब आहे, याचा अदमास घेतला जातो.

इथं एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे मिरीग निघतो तो सूर्य मृग नक्षत्रात शिरतो म्हणून. सूर्य तिथं असताना ते तारे दिसूच शकत नाहीत. म्हणजे पंचांगाचा मृग गणितानं काढलेला असतो, डोळ्यांनी पाहिलेला नसतो. गोंडांचा नांगर मात्र पाहायचा असतो. हिवाळाभर तो डोक्यावरून जातो, उन्हाळ्यात पश्चिमेकडे कलत जातो आणि मे महिन्यात संध्याकाळच्या उजेडात बुडून जातो. आभाळातला नांगर दिसेनासा झाला की शेतातला बाहेर काढायची वेळ जवळ आलेली असते. तारे तेच, ऋतू तोच, त्याच्याकडे जायचे रस्ते मात्र दोन.

धंदा आणि आकाश

बंजारा-कोलाम अभ्यासानं हा धागा पुढे नेला. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लांबच्या लांब मजल मारणारा बंजाऱ्यांचा तांडा, आणि पोडावर, म्हणजे आपल्या वस्तीवर, राहून जंगलातून पोट भरणारे कोलाम, हे दोघंही गोंडांच्याच मुलखात वावरत आले. रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचा व्यापार गेला. कोलामांना स्थिर शेतीकडे वळवण्याचे सरकारी प्रयत्नही झाले. भाषांची घराणीही वेगळी. गोंडी आणि कोलामी द्राविडी, बंजाऱ्यांची गोरबोली इंडो-आर्य, आणि मेळघाटातल्या कोरकूंची भाषा मुंडा कुळातली.

वरचं आकाश सगळ्यांना एकच. तरी प्रत्येकानं आपापली चित्रं जपली आणि ती चित्रं त्या त्या समाजाच्या धंद्याशी बांधलेली निघाली. अभ्यासकांचा मुख्य निष्कर्ष हाच आहे, की माणूस काय करून जगतो आणि वर काय पाहतो, यांचं नातं घट्ट असतं. शिवाय काही कथा एका समाजातून दुसऱ्यात गेलेल्या दिसतात. आकाश त्यामुळे शेजारधर्माचीही नोंदवही ठरतं.

वाटचालीतला खरा पालट मला इथं दिसतो. विश्वकिरणांच्या पट्टीवर उमटलेली रेघ असो की खोडदच्या तबकडीत आलेला संदेश, संस्थेचं काम नेहमीच नोंद घेण्याचं आणि तिचा अर्थ लावण्याचं होतं. फरक इतकाच पडला, की नोंद घेणारं उपकरण आता माणूस होता, आणि त्याला आपल्या नोंदीचा अर्थ आधीच ठाऊक होता. त्याच्याशी बोलावं लागत होतं.

अँडीजमधली कसोटी

असं काम जगात इतरत्रही झालं आहे. पेरूमधल्या कुस्कोजवळच्या मिस्मिनाय गावात राहून गॅरी अर्टन यांनी १९८१ मध्ये केचुआ लोकांच्या आकाशावर पुस्तक लिहिलं. केचुआंना आकाशगंगा म्हणजे नदी. तिच्यातले काळे, ताराहीन डागही त्यांची नक्षत्रं : लामा, कोल्हा, बेडूक, साप, तित्तिरासारखा पक्षी. आपण उजेड जोडून आकृत्या काढतो, ते अंधारालाही आकार देतात. दक्षिण गोलार्धातून आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग डोक्यावर येतो आणि तिथले धुळीचे काळे पट्टे ठसठशीत दिसतात, हे त्यामागचं साधं कारण.

त्याच डोंगरांतले शेतकरी जूनच्या अखेरीस, संत योहानाच्या सणाच्या सुमारास, पहाटे कृत्तिका पाहतात. कृत्तिका अंधूक दिसल्या तर बटाट्याची लागवड लांबवतात. २००० मध्ये ओर्लोव्ह, चियांग आणि केन या तिघांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की एल निनोच्या वर्षी त्या भागावर उंचावरचे विरळ ढग वाढतात. डोळ्यांना ते जाणवत नाहीत, पण बारके तारे त्यांनी झाकोळतात. आणि एल निनोच्या वर्षी पुढचा पाऊस कमी पडतो. शेतकऱ्यांचा अंदाज शतकानुशतकं टिकला, कारण त्यात तथ्य होतं.

या उदाहरणाचं मोल श्रद्धा वाढवण्यात नाही. परंपरेचं विधान तपासता येतं आणि तपासावं, एवढं ते सांगतं. तपासल्यावर ते कधी खरं निघेल, कधी नाही.

पुढची मजल, आपल्या दारातली

संस्थेच्या या कामाला एक घाई आहे. वीज पोचली, रस्त्यावर दिवे लागले, रात्री अंगणात निजणं थांबलं. आभाळ दाखवत गोष्ट सांगणारी पिढी सरत चालली आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. हा गोंडांचाच मुलूख. तिथला काळोख राखला जाईल, पण त्या काळोखात काय पाहायचं हे सांगणारा माणूस आपोआप राखला जात नाही.

आणि सगळंच विदर्भातल्या आदिवासींकडे आहे असंही नाही. गारगोटीच्याच भुदरगड तालुक्यात, पश्चिमेला डोंगरमाथ्यांवर धनगरवाडे आहेत. पूर्वेच्या माळावरून मेंढरं घेऊन उतरणारा, शेतात कळप बसवणारा धनगर रात्र उघड्यावर काढतो. कोसंबींनी ज्यांना देवांची ठाणी विचारली त्यांच्याच भाऊबंदांना आता तारे विचारायचे आहेत. पहाट कशावरून ओळखता? कुठला तारा दिसला की घाट उतरता? खळं पडलं तर काय म्हणता?

आपल्या पावसाच्या नावांचीही तपासणी व्हायला हवी. पंचांगाचं निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेलं, वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. त्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. प्राचीन ज्योतिर्विद वराहमिहिराच्या काळी तो आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी होत होता. मग तरणा आणि म्हातारा ही नावं कुठल्या शतकातल्या पावसाला पाहून पडली? आज तरण्याचा जोर जास्त असतो की म्हाताऱ्याचा? तहसील कचेरीतल्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी आणि नक्षत्रांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या, तर नववीतली मुलंही हे उत्तर काढतील.

गारगोटीला हे परकं नाही. खेड्याच्या प्रश्नांतून शिक्षण उभं करायचं म्हणून डॉ. जे. पी. नाईक यांनी इथं श्री मौनी विद्यापीठ उभारलं. पुढे १९६४ ते ६६ या काळातल्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. त्या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंग कोठारी मुळात खगोलभौतिकीचे अभ्यासक, श्वेतबटू ताऱ्यांच्या पोटातल्या द्रव्यावर काम केलेले. खेड्यातली शाळा आणि ताऱ्यांचा अभ्यास हे दोन टोकांचे विषय वाटतात, पण ते एका आयोगात शेजारी बसले होते.

टाटा संस्थेनं पद्धत घालून दिली आहे. तिला फार पैसे लागत नाहीत. एक वही लागते, अमावस्येच्या आसपासची निरभ्र रात्र लागते, आपलं उत्तर आधी न सांगता दुसऱ्याचं ऐकून घ्यायची तयारी लागते आणि ऐकलेलं तपासायची शिस्त लागते. हिवाळ्याच्या सुट्टीत भुदरगडमधल्या एका शाळेनं एका धनगरवाड्यापासून सुरुवात केली, तर या वाटचालीचं पुढचं प्रकरण इथं लिहिलं जाईल.